खंडोबाचा वार



'धर्म आणि नीती' या विषयावर बोलावे असे व्याख्यानमालेच्या चालकांनी मला सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत ऋतूतल्या या व्याख्यानांचा पायंडा पाडला, तेव्हापासून या विषयावर शास्त्र्यांनी, प्राध्यापकांनी आणि मोठमोठ्या वकिलांनी बोलून ठेवले आहे. मी मॅट्रिकला गणितात नापास झालेला टर्नर. जे काही वाचले ते रात्रपाळीत, यंत्रावर लांबचा कट लावून दिल्यावर जो वेळ हाती राही त्यात वाचले. तेव्हा वेदान्त माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. परंतु कारखान्याच्या फाटकासमोर धर्म कसा येऊन उभा राहतो हे मी तीस वर्षे पाहात आलो आहे, आणि एकदा तर तो मी स्वतःच हात धरून तेथे आणला होता. त्या गोष्टीपासून आरंभ करतो.

१९९८ साली चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यातील एका कारखान्यात माझ्या हाताखालचा पहिला संप झाला. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक माझी होती. एकशे चाळीस कामगार. संप किती दिवस चालेल याचा भरवसा नव्हता आणि माणसे फुटतील ही धास्ती मोठी होती. आदल्या संध्याकाळी गेट सभेत एका जुन्या कामगाराने सुचविले, "साहेब, बेलभंडारा उचलायला लावा. मग कोणी आत जायचा नाही." मला ती युक्ती फार पसंत पडली. आपल्याकडे बेलभंडार उचलून इमान दिल्याचे दाखले इतिहासात आहेतच. ताटात जेजुरीचा भंडारा आणि बेलाची पाने ठेवली, येळकोट झाला, आणि एकेकाने पुढे येऊन शपथ घेतली. मी खूश होतो. पाण्याच्या टाकीजवळ तीसएक माणसे नुसती उभी राहिली आहेत हे मला दिसले होते. पण दिसूनही मी त्याचा विचार केला नाही. त्यांत मुसलमान होते, दोघे-तिघे ख्रिस्ती होते, आणि बाकीचे बौद्ध होते. शेवटचे बौद्ध झाले तेच मुळी असले ताट पुन्हा हाती धरायचे नाही म्हणून.

पुढे काय झाले ते मागाहून सांगतो. आधी सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जाऊ, कारण खंडोबाला कामगारांच्या भांडणात आणणारा मी काही पहिला नव्हे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आता टपालाच्या तिकिटावरही आले आहे. पण पुण्यातल्या किती लोकांना ठाऊक आहे की हे घराणे आपल्याच जिल्ह्यातील कन्हेरसरचे? लोखंडे जन्मले ठाण्यास, १८४८ साली, म्हणजे ज्या वर्षी जोतीराव फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली त्याच वर्षी. फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कट्टे अनुयायी. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेले 'दीनबंधु' पत्र १८८० साली लोखंड्यांनी मुंबईस नेले आणि गिरणी कामगारांच्या हाती दिले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. मागण्या काय, तर दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि पगार पंधरा तारखेच्या आत. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगार बोलल्या, हे विसरू नये. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

आता ही सुट्टी मागताना लोखंड्यांनी सांगितले की रविवार हा खंडोबाचा वार आहे, अशी हकीकत आपल्याकडे घरोघर सांगतात. त्यांचे नेमके शब्द काय असतील ते असोत. पण घाटावरून मुंबईस गेलेल्या गड्याच्या घरात रविवार हा खंडोबाचाच वार होता, यात शंका नाही. साहेबाच्या दृष्टीने तो देवळाचा, म्हणजे त्याच्या चर्चचा, दिवस. आणि मुसलमान कामगाराला शुक्रवारऐवजी रविवार मिळाला तरी सात दिवसांत एकदा पाठ टेकायला मिळणारच होती. मला या हकिकतीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. खंडोबाचे नाव घेऊन जे मिळवले ते एकट्या खंडोबाच्या भक्तांपुरते राहिले नाही. मूर्तिपूजेवर कोरडे ओढणाऱ्या सत्यशोधकाच्या हातून हे झाले, ही त्यातली आणखी गंमत.

परंतु इथेच थांबलो तर मी तुम्हांला अर्धाच इतिहास सांगितला असे होईल. १८९० नंतर तीनच वर्षांनी, ११ ऑगस्ट १८९३, शुक्रवारी, मुंबईच्या जुम्मा मशिदीतील दुपारची नमाज संपली आणि दंगा उसळला. जुलैत काठेवाडात प्रभासपट्टणास मोहरमच्या वेळी दंगल झाली होती. गोरक्षणाच्या चळवळीने हवा तापलेलीच होती. दुसऱ्या दिवशी दंगा गिरणगावात पोचला आणि गिरण्यांतले कामगार त्यात उतरले. लष्कर बोलवावे लागले. सुमारे ऐंशी माणसे मेली. महालक्ष्मीच्या मैदानावर सुट्टीसाठी हात वर करणारे काही हात या दंग्यातही असले पाहिजेत. मुंबई त्या वेळी एवढी मोठी नव्हती.

तीन वर्षांत धर्म बदलला होता काय? पोथ्या त्याच, कुराण तेच. मी या प्रश्नावर बरीच वर्षे विचार केला आहे, आणि उत्तर मला एका सरकारी अहवालातल्या रुक्ष वाक्यात सापडले. १८९२ च्या सुमारास कारखान्यांच्या तपासणीचा अहवाल लिहिणाऱ्याने लोखंड्यांच्या संस्थेविषयी नोंदले की हिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. आम्हां युनियनवाल्यांना हे वाक्य टोचते, पण ते खरे होते. सभा झाली, सुट्टी मिळाली, माणसे पांगली. मग रात्री-अपरात्री घरात दुखणे आले, पैशाची नड पडली, कोणी मेले, तर कामगार जाणार कोठे? जॉबरकडे, गावकऱ्यांच्या खोलीवर, तालमीत, देवळात; आणि मुसलमान आपल्या मोहल्ल्यात. जो मर्तिकाला खांदा देतो त्याच्याच बाजूने माणूस लाठी उचलतो. 'धर्मवेडे' म्हणून या लोकांना शिव्या देणे सोपे आहे. त्यांना आधाराला दुसरे काही उभे केलेले नव्हते, हे कबूल करणे कठीण जाते, कारण मग बोट आपल्याकडे वळते. लोखंडे मात्र त्या दंग्यात शांततेसाठी हिंडले, आणि त्या कामाबद्दल सरकारने त्यांना पुढे रावबहादूर केले.

मुंबईच्या दंग्याचे पाणी पुण्यास यायला वेळ लागला नाही. इथला मोहरम तोवर निव्वळ मुसलमानांचा नव्हता. हिंदू ताबूत बसवीत, मिरवणुकीत नाचत, वाजवणाऱ्यांत हिंदू असत. आजोबा-पणजोबांच्या आठवणी ज्या घरांत जपल्या आहेत तेथे आजही हे ऐकायला मिळते. १८९४ च्या मोहरमावर हिंदूंनी बहिष्कार घातला, आणि त्याच वर्षीच्या भाद्रपदात सार्वजनिक गणपती व त्यांचे मेळे मोठ्या प्रमाणावर निघाले. गणेशोत्सवाने पुढे या शहराला काय काय दिले ते मी सांगण्याची गरज नाही. ज्या व्यासपीठांवर आमच्यासारख्याला बोलता आले त्यांतली निम्मी गणपतीच्या मांडवातली होती, हे ऋण मी मानतो. परंतु आरंभीच्या त्या वर्षी मेळ्यांच्या पदांत दुसऱ्याला टोमणे होते, आणि सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळ मशिदीवरून वाजत जाण्यावरून मारामारी झाली, हेही खरे आहे. भांडण ईश्वर एक की अनेक यावर नव्हते. रस्त्याच्या अमुक वळणावर ताशा वाजावा की थांबावा, यावर होते. धर्माच्या नावाने झालेली बहुतेक भांडणे मला अशीच दिसतात: रस्ता, पाणी, दार, आणि आता सांगतो तो धागा.

गिरणीत कापड विणणाऱ्या खात्याला मजुरी जास्त. सूत कातणाऱ्या रिंग खात्याला कमी. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना रिंग खात्यात घेत, पण विणाईत, साच्यावर, उभे करीत नसत. कारण? धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिच्या धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे, आणि ते तोंड लावून, श्वासाने ओढून काढीत. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. म्हणजे एकाची थुंकी दुसऱ्याच्या ओठाला लागे, म्हणून विटाळ. गंमत पाहा की विणाई खात्यात मराठेही होते आणि मुसलमानही होते. १८९३ साली ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली ते एकमेकांच्या धोट्याला तोंड लावीत होते, आणि दोघांच्याही हाताखालून एक तिसरा वगळला जात होता.

हाच धोटा इंग्लंडात लँकेशायरमध्ये होता, अमेरिकेत होता. तेथेही त्यावरून वाद झाला, पण तो क्षयाच्या भीतीने. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली तोंडाने धागा ओढण्यास कायद्याने बंदी केली. लँकेशायरला हे करायला १९५२ साल उजाडले. हाताने ओवता येईल असे धोटे निघालेले होते. आमच्या गिरण्यांत कोणी युनियनवाल्याने "हाताने ओवायचे धोटे द्या" एवढी मागणी नेटाने लावून धरली असती, तर आरोग्यही वाचले असते आणि विटाळाची सबबही तोंडावर पडली असती. पण ती सबब पडावी असे विणाईतल्या लोकांना वाटत होते काय? माझा अनुभव सांगतो की नाही. जास्त मजुरीच्या खात्याचे दार जितके अरुंद तितके आतल्याला बरे. धर्माने कुलूप पुरविले. किल्ली पगाराच्या दिवशी वापरली जाई.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत गिरण्यांचा प्रचंड संप झाला. लाल बावट्याची पुढारी मंडळी त्यात होती. जगातले सारे कामगार एक असे त्यांचे ब्रीद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हा रोकडा प्रश्न टाकला की विणाई खात्यात आमच्या माणसांना मज्जाव आहे, त्याचे काय? संपाच्या पुढाऱ्यांनी तो मुद्दा घेतला, पण नाखुशीने घेतला. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले की कामगारांचे शत्रू दोन आहेत, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही. आणि ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर समतेला नाकारणारी वृत्ती, ती सगळ्या जातींत आहे, असा खुलासाही केला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपात त्यांचा पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आमच्या चळवळीतले काही जुने लोक हा संप मोठ्या अभिमानाने सांगत आणि धोट्याची गोष्ट सांगत नसत. मला ती पस्तिशी उलटल्यावर पुस्तकात वाचून कळली.

मग वैयक्तिक नीतीत धर्माचे काही काम आहे की नाही? आमच्यातले काही मित्र म्हणतात, काही नाही. मला तसे म्हणवत नाही. १८९७ साली प्लेगची साथ चालू होती. ९ फेब्रुवारीस लोखंडे मुंबईत प्लेगने गेले. १० मार्चला इकडे पुण्यात सावित्रीबाई गेल्या. मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरच्या बाजूला, ससाणे मळ्यात, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता, आणि रोग्यांना तेथे पोचवता पोचवता त्यांना लागण झाली. त्यांच्या या करण्याला तुम्ही धर्म म्हणा अगर म्हणू नका. त्यांच्या घरात त्याला सत्यधर्म असे नाव होते. जोतीरावांचे 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक त्यांच्या पश्चात १८९१ साली निघाले. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे: बाईने बौद्ध व्हावे, नवऱ्याने ख्रिस्ती, मुलीने मुसलमान, मुलाने सत्यधर्मी, आणि सर्वांनी एकमेकांचा हेवा न करता एका घरात राहावे. दंग्याच्या दोन वर्षे आधी छापलेली ही गोष्ट. धर्म हा माणसागणिक वेगळा असू शकतो, चूल मात्र एक. १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करून जातवाल्यांचा राग ज्याने ओढवून घेतला, त्यालाच असे लिहिण्याचा अधिकार होता.

पंचहौदातील चहाची कथा या शहरात इतक्यांदा सांगून झाली आहे की मी ती टाळतो. एवढेच म्हणतो की रानड्यांनी मित्रांच्या अडचणीसाठी प्रायश्चित्त घेतले, ते चूक की बरोबर यावर इथे बसलेले निम्मे लोक अजूनही भांडतील, आणि दोन्ही बाजू नीतीचेच नाव घेतील.

पर्वतीचे मात्र सांगितले पाहिजे. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आदींच्या पुढारीपणाखाली पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तरुण एस. एम. जोशी त्यात होते. धर्मरक्षणासाठी जमलेल्या पुणेकरांनी दगड मारले. जानेवारी १९३० पर्यंत तो चालला आणि दार उघडले नाही. अठरा वर्षांनी पंढरपुरास दुसरी गोष्ट घडली. साने गुरुजींनी, महाराष्ट्रभर दौरा करून झाल्यावर, विठ्ठलाचे देऊळ हरिजनांस खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी उपोषण मांडले आणि १० मे रोजी सोडले. देऊळ खुले करण्याचे ठरले. हेच गुरुजी त्याआधी अमळनेरच्या गिरणी कामगारांत वावरलेले, म्हणून ते मला आमचे वाटतात. दार बंद ठेवणारेही विठ्ठलाचेच नाव घेत होते आणि गुरुजीही. मी दोहोंत फरक कसा करतो, तर खर्च कोणाच्या खात्यावर पडला ते पाहून. पर्वतीच्या दगडाचा खर्च दुसऱ्याच्या डोक्याने भरला. गुरुजींचा त्यांच्या स्वतःच्या पोटाने. हिशेबनीसाची पट्टी आहे ही, तत्त्वज्ञाची नव्हे. पण तीस वर्षांत हिने मला फारसे फसविलेले नाही.

आता माझी राहिलेली गोष्ट. संपाच्या आठव्या दिवशी पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहिलेल्यांपैकी तिघे कामावर गेले. तिघेही मुसलमान. व्यवस्थापनाच्या माणसाने त्यांना सांगितले होते की हा त्यांचा संप आहे, शपथ त्यांच्या देवाची, तुम्ही कशाला उपाशी मरता? त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर जी भाषा मी ऐकली ती इथे उच्चारण्यासारखी नाही. आणखी दोन दिवसांत हाणामारी झाली असती. मग विसाव्या दिवशी आमच्यातला एकजण, बेलभंडारा उचललेला, आत गेला. मुलगी दवाखान्यात होती. त्याच्याविषयी लोक म्हणाले, "बिचारा, काय करील?" कृत्य एकच. तिघांच्या वेळी तो त्यांच्या धर्माचा गुण ठरला, याच्या वेळी याच्या घरची अडचण. त्या तिघांच्या घरी काय अडचण होती हे विचारायला कोणी गेले नव्हते. मीही गेलो नव्हतो. गेलो तेव्हा तेविसावा दिवस होता. एकाकडे तीन महिन्यांचे भाडे थकले होते.

संप एकेचाळीस दिवस चालून तडजोडीत मिटला. नऊ जणांची नोकरी गेली. तो मुलीचा बाप त्यानंतर माझ्या डोळ्याला डोळा देईना. मी त्याला म्हटले, "अरे, ते सोड, शपथ मी घ्यायला लावली." तो म्हणाला, "साहेब, ताट तुम्ही धरलं होतं. भंडारा मी उचलला होता." निवृत्त होईपर्यंत दर महिन्याच्या पगारातून त्या नऊ जणांच्या घरखर्चाच्या निधीत त्याने पैसे टाकले. त्या नऊ जणांत दोघे मुसलमान होते, आणि हे पैसे कोणाचे ते त्यांना कळू नये असे त्याने मला बजावले होते.

पुढचा संप झाला त्या वेळी आम्ही ताट आणले नाही. एक कागद केला: मागण्या काय, संप कोण पुकारणार, कोणाच्या घरी दुखणे आले तर निधीतून किती मिळेल, आणि ते मागायचे कोणाकडे. एकेकाने टेबलाशी येऊन सही केली. सही झाल्यावर काही जणांनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढून चिमूटभर कपाळाला लावली. एका फिटरने पेन टेकण्यापूर्वी पुटपुटत बिस्मिल्ला म्हटले. त्याच्या मागचा गडी 'जय भीम' म्हणून सही करून गेला. मी कोणाला काही बोललो नाही. रांग पुढे सरकत राहिली.